तात्या उचल

"तात्या, तुझ्या तात्यानं माझा पत्ता खाल्ला," असं म्हणत पत्तेवाली त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली, तेव्हा तो खुर्चीत अर्धवट आडवा होऊन पेनाच्या टोपणानं कान खाजवत होता, आणि त्याला आधी हसूच आलं. कुणी तणतणत आलं की त्याला आतून गुदगुल्या व्हायच्या. शाळेत मास्तर छडी घेऊन आले तरी व्हायच्या. पण आज हसू ओठापर्यंत आलं आणि शिंक अडकावी तसं तिथंच अडकलं, कारण सकाळी फोनवर बायकोचं बोलणं ऐकलेलं होतं. ते कुठल्यातरी खिशात कोंबून विसरायच्या खटपटीत तो होता, तर ही समोर. "काय खाल्लं म्हणतेस?" त्यानं विचारलं. "पत्ता. तात्पुरता पत्ता. सकाळी पुरा केलेला, तपासलेला, सगळ्यांना पाठवलेला. जेवून येऊन बसले, सवयीनं 'तात्या उचल' मारलं, हाताला येईल ते पुन्हा पाठवून दिलं, आणि गेला. त्याच्यावर त्या दोघांनी आपलं काम रचलं होतं. ते दोघं आता हवेत लटकतायत, बघ तिकडे." त्यानं मान वळवून बघितलं. खिडकीजवळचे दोघं खरंच हवेत लटकल्यासारखे आपापल्या स्क्रीनकडे बघत होते. एकाचा हात डोक्याला होता, दुसऱ्याचा चहाच्या रिकाम्या कपात.

आता तात्या म्हणजे दोन. एक हा, पन्नाशीकडे झुकलेला, पोट सुटलेला, निम्म्या ऑफिसच्या खुर्च्या त्यांच्या नकळत खालीवर करून ठेवणारा. दुसरा तात्या म्हणजे यानंच लिहिलेलं एक एवढंसं टूल. त्याला ना रंग, ना बटणं. काळ्या खिडकीत दोन शब्द टाईप करायचे, बास. या लोकांचं काम थरांनी साठतं. एक काम पुरं झालं की त्याचा थर बसवायचा आणि वर एका ओळीची चिठ्ठी डकवायची, की बाबांनो, मी इथं हे हे केलंय. त्याला म्हणायचं कमिट. पण माणूस पुरं करून उठतो कधी? मधेच बोलावणं येतं, मधेच दुसरीकडे आग लागते, मधेच घरून फोन येतो. अर्धं काम सांडायला नको म्हणून 'तात्या ठेव' म्हणायचं. तात्या ते जसं असेल तसं, नाक-तोंड न पुसता, गुंडाळतो आणि त्याचा तात्पुरता थर बसवून देतो. परत आलात की 'तात्या उचल'. थर निघाला, काम पुन्हा हातात, जणू मधे काही झालंच नाही. तात्पुरतंचा तात्या. नाव टूलचं आधी पडलं, माणसाचं मागून, त्यामुळे बापाला पोराचं नाव लागल्यासारखं झालं होतं, आणि त्याची त्याला ना नव्हती. सुरुवातीला चिठ्ठीसुद्धा तात्याच आपल्या मनानं लिहायचा: 'तात्पुरतं, आलोच', 'तात्पुरतं, रंग ओला आहे, बसू नये', 'तात्पुरतं, मेलेलो नाही, जेवायला गेलोय'. लोक हसले, लोकांनी वापरलं, लोकांना सवय लागली. आता ऑफिसात कुणी बाथरूमला गेलं तरी 'तात्या ठेवून आलो' म्हणायचं.

"ओळखतो कसा पण तो?" पत्तेवालीनं बाजूची खुर्ची ओढली. ती नेहमीपेक्षा खाली गेलेली होती, तरी ती काही बोलली नाही, याचा अर्थ प्रकरण गंभीर होतं. "चिठ्ठीवरून," तो म्हणाला. "वर तात्पुरतं लिहिलेलं दिसलं की उचलतो." "मी तात्पुरतं नव्हतं लिहिलं. मी लिहिलं होतं, तात्पुरता पत्ता कायमच्या पत्त्याखाली घेतला." फजिती कुठं झालीय ते त्याला एका दमात दिसलं. लोकांना स्वतःच्या चिठ्ठ्या हव्या होत्या. कुणी लिहायचं 'तात्पुरता इलाज', कुणी 'तात्पुरती मलमपट्टी', कुणी 'तात्पुरतं ठिगळ'. आता तो, ती, ते असे तिघं सांभाळत कोण बसणार, म्हणून यानं एका दुपारी शब्दाची शेपूटच छाटली होती. चिठ्ठीच्या सुरुवातीला 'तात्पुर' दिसलं की पुरे, पुढचं काहीही असो. मोठा शहाणपणा केला असं वाटून स्वतःला चहा पाजला होता. आणि या बाईचं काम नेमकं पत्त्यांचं. दोन रकाने, कायमचा आणि तात्पुरता. म्हणजे तिनं केलेलं पक्कं, घासूनपुसून केलेलं काम, केवळ ते तात्पुरत्या गोष्टीबद्दल होतं म्हणून तात्पुरतं ठरलं आणि उचललं गेलं. याच्यावर एरवी तो आठवडाभर हसला असता.

"मिळेल," तो म्हणाला. "जात कुठंच नाही, मशीन उचललेलं काही दिवस मागच्या खोलीत ठेवतं." आणि त्यानं तिच्या टेबलावर जाऊन काळ्या खिडकीत थोडी उचकापाचक करून तिचा थर काढून दिला, धूळ झटकून, चिठ्ठीसकट. खिडकीजवळचे दोघं जमिनीवर आले. पण पत्तेवाली गेली नाही. "हे परत होणार," ती म्हणाली. "ते चिठ्ठीबिठ्ठीचं काढून टाक, तात्या. चिठ्ठीवर माणूस काहीही लिहितं. माझ्या कामावर दुसऱ्यांनी काम चढवलं होतं, एवढंच बघायला पाहिजे होतं त्यानं. ज्याच्यावर दुसऱ्या कुणी काही रचलंय ते तात्पुरतं कसलं?" तिनं हे सहज म्हटलं, म्हणजे भाजीवाल्याला वजन नीट कर म्हणावं तितकं सहज, आणि खुर्ची वर करायची दांडी शोधायला लागली. त्याला मात्र सकाळचा फोन पुन्हा ऐकू आला, या वेळी चांगला जोरात.

सकाळी लिफ्टसमोर उभा असताना बायकोचा फोन आला होता. नावाजागी तिचा फोटो होता, कधीतरी जत्रेतल्या वाकड्या आरशात काढलेला, कपाळ हे एवढं आणि हनुवटी नाहीच. तो फोटो तिला कधी आवडला नव्हता आणि म्हणूनच यानं ठेवला होता. "उद्या आई येतेय राहायला," ती म्हणाली. "आता इथंच राहील ती. तुझी खोली तिला देतेय." "बरं," तो म्हणाला. "ऐकून तरी घे. संध्याकाळी ये आणि तुझं सामान घेऊन जा. नाहीतर राहायला ये. दोन्हीतलं एक, काय ते आज. मी परत फोन करणार नाही." "बघतो." "बघतो नको म्हणूस." "मग काय म्हणू?" "ते तूच ठरव," असं म्हणून तिनं ठेवून दिला. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाला हसवता येतं, त्यात त्याचा हातखंडा. हा आवाज कपाट लावताना बोलणाऱ्या माणसाचा होता, अर्धं लक्ष हातातल्या घडीवर. लिफ्ट आली. आतल्या अनोळखी माणसाला तो म्हणाला, "वर जायचंय की नुसते राहताय?" तो माणूस हसला, आणि तेवढ्या हसण्यावर त्यानं सकाळ काढली.

गेल्या उन्हाळ्यात घरातून निघाला तेव्हा भांडणसुद्धा धड झालं नव्हतं. मोरीतला नळ गळायचा, टप टप, रात्रभर. बायको म्हणायची, प्लंबरला बोलव. यानं काय केलं, नळाच्या तोंडाला एक दोरा बांधला आणि खाली जाळीपर्यंत सोडला. पाणी दोऱ्यावरून चोरपावलांनी उतरायला लागलं, आवाज बंद. पठ्ठ्या खूश. शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. मग एका सकाळी बायको त्या दोऱ्याकडे बघत बराच वेळ उभी राहिली, हातात ब्रश तसाच, आणि म्हणाली, "तुला आवाज थांबवायचा असतो. गळणं नाही." एवढंच. ती नळाबद्दल बोलत नव्हती हे त्याला कळलं, आणि तिला कळलं की त्याला कळलंय, आणि त्या दोन कळण्यांच्या मधे उभं राहायला त्याला जागाच सापडेना. घर अंगाला घट्ट व्हायला लागलं. त्याच आठवड्यात मित्र परदेशी निघाला होता, फ्लॅटला कुणीतरी हवं होतं, कुंड्यांना पाणी घालायला. "थोडे दिवस जाऊन राहतो," हा म्हणाला. "तात्पुरतं. डोकं जरा थंड होईल." बॅगेत चार शर्ट घातले. पोरगी दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, कुंड्यांसाठी चाललायस?" तर हा म्हणाला, "झाडं उलटून बोलत नाहीत." ती हसली नाही. ते त्याला जिना उतरताना जाणवलं होतं, पण तोवर जिना उतरून झाला होता.

मित्राच्या कुंड्या महिनाभरात वाळल्या. त्यानं तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या आणून ठेवल्या आणि व्हिडिओवर मित्राला दाखवून त्याच्याकडून शाबासकी घेतली. ही गंमत त्याला बरेच दिवस पुरली. गादी नवी होती आणि तिचं प्लास्टिक त्यानं काढलं नव्हतं. काढायचं म्हणजे चादर आणा, उशा आणा, मग पडदे, मग काय. आपण काय इथं राहायला आलोय थोडेच? त्यामुळे कूस बदलली की गादी कुरकुर वाजायची, झोपेत कुणीतरी आपल्याला भेटवस्तूसारखं गुंडाळतंय असं वाटायचं. शर्ट बॅगेतून निघून खुर्चीवर आले, खुर्चीवरून दोरीवर, दोरीवरून पुन्हा बॅगेत. कपाटाला हात लावला नाही. फोडणी घालावी असं कधी वाटलं, तर घर लागेल म्हणून घातली नाही. त्याच्या हिशेबानं सगळं बरोबर होतं: आपण काही हलवलं नाही, काही रुजवलं नाही, म्हणजे आपण गेलोच नाही. तिकडचं घर जसं टाकलं तसं ठेवलेलं आहे. एक दिवस जायचं, बॅग टेकवायची, काहीतरी फालतू बोलून हसवायचं, की झालं. मधलं सगळं अलगद निघून येईल.

दुपारभर तो तात्याची दुरुस्ती करत बसला. काम दहा ओळींचंही नव्हतं, पण हात चालेना. टाईप करायचा, खोडायचा. उठून पाणी प्यायला जायचा आणि पाणी न पिता परत यायचा. पाय टेबलाखाली आपले आपण हलत होते, इतके की पलीकडचा म्हणाला, "तात्या, शिलाई मशीन बंद कर." चिठ्ठी बघायची भानगड त्यानं काढून टाकली, ती काढताना आपल्याच हुशारीची कात्रणं गोळा केल्यासारखं वाटलं. त्याजागी नवी तपासणी: उचलण्याआधी खाली वाकून बघायचं, की हा थर इतरांकडे पोचलाय का, त्यावर कुणी काही बांधलंय का. बांधलं असेल तर हात लावायचा नाही. हे लिहून झालं. मग प्रश्न आला की नाही म्हणताना तात्यानं बोलायचं काय. इथं त्याची खरी मजा असायची. 'उठ म्हटलं की उठायला मी काय रिकामा आहे?' लिहिलं, खोडलं. 'तुम्ही गेलात, दुनिया थांबली नाही.' लिहिलं, आणि त्याच्याकडे बघत राहिला, आणि त्याचे पाय थांबले. यात विनोद कुठं होता? खोडलं. शेवटी लिहिलं: 'यावर दुसऱ्यांचं काम उभं आहे. उचलता येणार नाही.' आपल्या हातून इतकं कोरडं वाक्य उतरलं याची त्याला शरम वाटली, सणाला मळका शर्ट घालून आल्यासारखी. पत्तेवालीनं चालवून बघितलं. "अरे वा," ती म्हणाली, "आज सरळ बोलतोय तुझा तात्या." मग त्याच्याकडे वळून, "बरा आहेस ना तू?" "मी? एकदम," असं म्हणून त्यानं तिची खुर्ची खाली केली, आणि या वेळी ती ओरडली, तेव्हा कुठं त्याला निघता आलं.

चालत निघाला. बस होती, पण बसला तर पोचेल अशी भीती. रस्त्याची एक बाजू खणलेली, पत्रे लावून बंद केलेली, आणि लोकांनी पत्र्याला वळसा घालून आपली वाट पाडलेली. वाटेवर एक चप्पल शिवणारा बसलेला, त्याच्या शेजारी कुणीतरी बाक आणून टाकलेला, बाकावर दोन म्हातारे. उद्या खणलेलं बुजवून पत्रे काढले तर हे तिघं कुठं जातील, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं ते झटकलं, तर ते दुसऱ्या खांद्यावर जाऊन बसलं. दारात म्हणायचं वाक्य त्यानं घोकायला घेतलं. 'हरवलेला इसम सापडला आहे, ओळख पटवून ताब्यात घ्या.' चांगलं होतं. पोरगी हसेल. बायको तोंड फिरवेल, पण फिरवताना ओठाचा एक कोपरा हलेल, तो कोपरा त्याला पाठ होता. मग आपण आत. मग सगळं जिथल्या तिथं. तो पायऱ्या चढला, खिशातली किल्ली काढली, लावली, फिरवली, दार बोटभर उघडलं आणि खाड् करून अडकलं. आतून साखळी होती. साखळी पूर्वी नव्हती.

"कोण आहे?" पोरगीचा आवाज. "मी." इसमाबिसमाचं वाक्य कुठं गेलं कुणास ठाऊक. साखळी निघाली. "साखळी कधी लावली?" "झाले की बरेच दिवस," ती म्हणाली. "आम्ही दोघीच असतो ना." आत येता येता त्यानं न बघता खांद्यावरची ऑफिसची बॅग दारामागच्या खुंटीवर टाकली, आणि बॅग धप्पकन जमिनीवर पडली. खुंटी तिथं नव्हती. ती खाली होती, त्याच्या छातीपाशी. "सगळं खाली घेतलंय," पोरगी बॅग उचलत म्हणाली. "माझा पोचायचा, पण आईचा हात पोचायचा नाही. दरवेळी स्टूल आणायला लागायचं." त्यानं बघितलं. कपडे वाळत घालायची दोरी खाली आली होती, तिला चुकवायला त्याला मान वाकवावी लागली. डब्यांची फळी खाली आली होती. कॅलेंडर खाली आलं होतं. भिंतीवर जुन्या खिळ्यांची भोकं बुजवून वर रंगाचा हात मारलेला, जरा वेगळ्या छटेचा. आजवर हे घर त्याच्या उंचीनं लावलेलं होतं, हे त्याला आत्ता, दोरीखालून वाकून जाताना, पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं त्याच्यासमोर बायको चवड्यांवर उभी राहून डबे काढायची, आणि त्याला वाटायचं, तिची उभी राहायची पद्धतच तशी.

ती त्याच्या खोलीत होती. म्हणजे खोलीत होती. त्याचं टेबल भिंतीला उभं करून ठेवलेलं, पुस्तकं खोक्यांत, खोकी सुतळीनं बांधलेली, गाठी तिच्या, घट्ट आणि दिसायला छोट्या. मधोमध पलंग, त्यावर धुतलेली चादर, हातानं सपाट केलेली. "आलास," ती म्हणाली. "पलंगाचे पाय कापून घेतलेत, आईला चढायला त्रास नको म्हणून. हलतोय का बघ." त्यानं पलंग हलवून बघितला. हलत नव्हता. "सुतार चांगला आहे," तो म्हणाला. "सुतार नाही. आम्हीच कापले." ती कपाळावर आलेले केस मनगटानं मागे सारत उभी राहिली, आणि तो तिच्याकडे बघत राहिला. हे असं केस सारणं नवीन नव्हतं, पण मनगटावर करवतीचा भुसा होता, तो नवीन. "तर?" ती म्हणाली. "नेतोस की राहतोस?"

त्याच्या जिभेवर चार वाक्यं येऊन उभी राहिली, चारही चांगली, चौघांनाही तोंड उघडायची घाई. एकानं ती नक्की हसली असती. तो बाहेर जाऊन पुन्हा आत येऊ शकला असता, बॅग पुन्हा टाकू शकला असता. काही उपयोग नव्हता. तो नव्हता त्या जागेवर या दोघींनी साखळी लावली होती, फळी उतरवली होती, भोकं बुजवली होती, उद्यापासून तिथं एक म्हातारी झोपणार होती. हे कुणाला म्हणून उचलायला सांगायचं? त्यानं चारही वाक्यं गिळली. खाली उतरताना ती टोचली. "आईंना ही खोली राहू दे," तो म्हणाला. "मी बाहेर झोपेन. मला राहायचंय." तिनं पोरगीकडे बघितलं. दाराशी पोरगी उभी होती. "बाहेरचा सोफा माझा आहे," ती म्हणाली. "संध्याकाळी माझ्या मैत्रिणी येतात अभ्यासाला." तिची आई तिला गप्प करील असं त्याला वाटलं. केलं नाही. म्हणजे जागा खरंच विचारून घ्यायची होती. तो पोरगीकडे वळला. "मग मला जागा देशील का? तुझं झाल्यावर." तिनं विचार केला; लहान असताना गोळी कुठल्या मुठीत ते ओळखताना करायची तसा. "झाल्यावर चालेल," ती म्हणाली. "पण मधे येऊन त्यांना हसवत बसायचं नाही. आमचं काही होत नाही मग." "नाही बसणार." "बघू," पोरगी म्हणाली, आणि तिनं ते अगदी त्याच्यासारखं म्हटलं. बायकोचा ओठाचा कोपरा हलला का, ते बघायचा धीर त्याला झाला नाही.

तो तोंड धुवायला मोरीत गेला. घोटभर पाणी प्यायला, तोंडावर मारलं, डोळे मिटूनच हात लांब करून टॉवेल शोधला, टॉवेलही खाली. डोळे उघडून समोर आरशात बघितलं तर आरशात एक शर्ट उभा होता. शर्टाचं दुसरं बटण, गळा, भिजलेली हनुवटी, आणि वर काही नाही. डोकंच नाही. आरसासुद्धा त्या दोघींच्या तोंडापुरता खाली आला होता. जत्रेत असता तर यानं माणसं बोलावून दाखवली असती. तो गुडघ्यात वाकला, एक हात भिंतीला टेकला, आणि काचेत हळूहळू त्याचा चेहरा खाली उतरला: पांढरे झालेले कल्ले, डोळ्यांखालच्या पिशव्या, आणि एक असं तोंड की ज्याला आत्ता काय करायचं ते माहीत नव्हतं. मागे दारात दोघी येऊन उभ्या राहिलेल्या दिसल्या, दोघी अगदी चौकटीत बसलेल्या, डोक्यापासून खांद्यापर्यंत.

"वर करू का, बाबा?" पोरगी म्हणाली. "दोन स्क्रूच आहेत."

"नको. असू दे."

"वाकायला लागेल," बायको म्हणाली. "रोज."

तो तसाच वाकलेला राहिला, पाणी हनुवटीवरून थेंबथेंब खाली. 'रोज' हे ती चुकून म्हणाली की काय, हे तिच्या चेहऱ्यावरून ओळखायचा त्यानं प्रयत्न केला. ओळखता आलं नाही. पण शब्द तिनं मागे घेतला नाही. हात लांब करून टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला आणि ती पलंगाकडे परत गेली.